‘बांधली कोणी?’ या प्रश्नाबद्दल आभार

फोंडा, गोवा

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

‘टंग-टाय’वरच्या, म्हणजे जिभेखालच्या आखूड घडीमुळे जीभ अडण्यावरच्या, आमच्या मराठी पत्रकाचा कच्चा खर्डा तुम्ही तपासून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. ‘बांधलेली जीभ’ या शीर्षकाशेजारी तुम्ही लाल शाईने दोनच शब्द लिहिलेत, ‘बांधली कोणी?’, आणि सगळं पत्रक नव्याने लिहावं लागलं.

वैद्यकातलं नाव अँकिलोग्लॉसिया. ग्रीक ‘अँकिलोस’ म्हणजे वाकडं, आखडलेलं. ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ. दोरीचा त्यात पत्ता नाही. जिभेखालच्या घडीला फ्रेन्युलम म्हणतात, तो लॅटिनमधला छोटासा लगाम. पोर्तुगीजमधला ‘फ्रेयु’ त्याच घरचा, हे तुम्हीच दाखवलंत. बंधनाची कल्पनाही जुनीच. मार्कच्या शुभवर्तमानात (7:35) बहिऱ्या-तोतऱ्या माणसाच्या ‘जिभेचं बंधन’ सुटतं. आम्ही हौसेने घातलेला ‘जिह्वास्तंभ’ मात्र तुम्ही खोडलात ते बरं झालं. माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात तो वातव्याधी आहे, जन्मतःची ठेवण नव्हे.

शब्दाचा एवढा खल कशाला, तर ‘दोरी’ म्हटलं की लगेच कात्री आठवते. 2019 मधल्या शवविच्छेदन-अभ्यासात तिथे दोरी सापडलीच नाही. तोंडाच्या तळाच्या पातळ आवरणाची ती घडी आहे, जीभ उचलली की पडद्यासारखी उभी राहणारी. ती सगळ्यांनाच असते. आखूड, जाड किंवा अगदी टोकाजवळ जोडलेली असेल आणि त्यामुळे हालचाल अडत असेल, तरच तो दोष. मग रडताना जिभेचं टोक पत्त्यांतल्या बदामासारखं दुभंगलेलं दिसतं.

मापांची टीप तुमच्या आग्रहामुळे आली. मोकळी जीभ, म्हणजे घडी जोडलेल्या जागेपासून टोकापर्यंतची, 16 मिमीपेक्षा जास्त असेल तर ठीक, 12 ते 16 सौम्य, 8 ते 11 मध्यम, 3 ते 7 तीव्र. पण बालदंतवैद्य कोटलो यांची ही 1999 ची मापं दीड वर्षावरच्या मुलांची. तान्ह्या बाळाला हीच पट्टी लावली की घोटाळा ठरलेला.

तान्ह्याचं दूध पिणं बघायचं. जीभ खालच्या हिरडीवर आली नाही तर हिरडीच स्तनाग्र चावते, पाजून झाल्यावर ते चपटं दिसतं, पिताना ‘टक् टक्’ आवाज येतो. आधी बाळाला धरण्याची पद्धत सुधारायची आणि वजन बघायचं. तरी अडलं तर घडीला छेद. त्याआधी जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का आणि घरात कोणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, हे विचारायचंच. घडीच्या दोन्ही बाजूंना लाळग्रंथींची तोंडं असतात. घाईचा हात तिथे लागतो.

बोलण्याबाबत तुमची दुरुस्ती सर्वांत मोलाची. ‘कप’ला ‘तप’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ अडलेली नसते: क जिभेच्या मागच्या भागातून येतो, प ओठांतून. ट, ड, ण, ळ यांना टोक वर न्यावं लागतं. र तर उशिरा येतोच. मूल उशिरा बोलायला लागलं, तर त्याचा दोषही या घडीवर टाकायचा नाही; आधी ऐकू येतं का ते तपासायचं. वेखंड उगाळून चाटवल्याने घडी सैल होत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको.

तपासणीच्या शब्दांत आम्ही ‘बाळ’ घेतला होता. तुम्ही तो खोडून ‘नारळ’ लिहिलात, र आणि ळ एकदमच ऐकू येतात म्हणून. शेजारी नारळाचं चित्रही घातलंय. शीर्षक आता ‘जिभेखालची आखूड घडी’. सोबत पाच प्रती पाठवत आहोत.

आपले नम्र,
पत्रक तयार करणारे वाणी-उपचारक, दंतवैद्य आणि स्तनपान सल्लागार