फेटा, ढाल आणि ४३६ बिया

क्वीन्स, न्यूयॉर्क
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "नरकचतुर्दशीच्या दिवशी पोराला त्या हॅलोवीनसाठी भुताखेतांच्या सोंगात कशाला पाठवतेस?" मी घाईत होते, धड उत्तर दिलं नाही. मनात मात्र तेच घोळत राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गुरुवारी पहाटे ओजसला उटणं लावून न्हाऊ घातलं, ओवाळलं आणि आठ वाजता तो मावळा होऊन शाळेत गेला. बाबा, तुम्ही पाठवलेला फेटा आणि कमरेला माझी ओढणी. गेल्या दिवाळीत तुम्ही त्याच्याबरोबर अंगणात किल्ला केलात, तेव्हापासून त्याला मावळाच व्हायचं होतं. तलवार नेता आली नाही. खेळण्यातलं हत्यार, रक्ताचे डाग, चेहरा झाकणारा मुखवटा, यातलं काहीही त्याच्या शाळेत चालत नाही. पुठ्ठ्याची ढाल बाईंनी चालवून घेतली.

मी मदतीला वर्गात थांबले होते. प्रत्येक टेबलावर एकेक भोपळा. आधी सुतळी गुंडाळून त्याचा घेर मोजला, मग तो पाण्याच्या टबात सोडला. एवढं जड धूड बुडणारच, असं सगळ्यांनी हात वर करून सांगितलेलं, आणि ते तरंगायला लागलं! आतून पोकळ असतो ना. मग बाईंनी वरची टोपी कापून दिली आणि पोरांनी आत हात घातले. ओजसने आधी नाक मुरडलं. नंतर गराची लांबच लांब दशी ओढून काढली, हुंगली आणि ओरडला, "आई, आजी घारग्यांसाठी किसते ना, तोच वास!" बिया किती असतील याचा त्याचा अंदाज होता शंभर. कागदी वाट्यांत दहा-दहा टाकत मोजल्या, तर ४३ वाट्या भरल्या आणि सहा सुट्या उरल्या. बाबा, चिंचोके मांडून तुम्ही मला दशक-एकक शिकवायचात, ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

आणि आई, भुतांचं म्हणशील तर या हॅलोवीनचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा लागताना गेलेली माणसं घराकडे फिरकतात, अशी तिथे समजूत होती. १ नोव्हेंबरला चर्चमध्ये सगळ्या संतांचा दिवस, २ तारखेला मृतांचा. आपली सर्वपित्री आठवली मला. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक इकडे आले, तेव्हा त्यांना कोरायला भोपळा सापडला. आपल्याकडचा लाल भोपळासुद्धा मूळचा अमेरिकेचाच.

एक गोष्ट मात्र मला लागली. वर्गातल्या एका मुलीच्या घरी हा सण धर्माला धरून नाही. बिया मोजताना ती सगळ्यांत पुढे होती, बोटं पिवळीधमक झालेली. दुपारी सोंगांची मिरवणूक मैदानात निघाली तेव्हा तिला वाचनालयात बसवलं. जाताना तिने ओजसच्या फेट्याच्या शेमल्याला हळूच हात लावला. मला राहवेना. मी मिरवणूक सोडून तिच्याजवळ जाऊन बसले, दोघींनी मिळून एक पुस्तक वाचलं. सुटल्यावर बाईंशी बोलले की पुढच्या वर्षी मिरवणूक नको, भोपळ्याचाच दिवस करू या, तो सगळ्यांचा होतो. काही शाळांत तसा नुसता शरद ऋतूचा उत्सव करतातच. बाईंनी मनापासून ऐकून घेतलं. मी पुन्हा विचारणार आहे.

तुझ्या चकल्या वर्गात नेता आल्या नाहीत. घरचं काही चालत नाही, बंद पाकिटातलंच लागतं, तेही शेंगदाण्याशिवाय, कारण काही मुलांना त्याची जबर ॲलर्जी असते. म्हणून पणत्या नेल्या, न पेटवताच, आणि दहा मिनिटं दिवाळीबद्दल सांगितलं. काल शुक्रवारी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी होती. लक्ष्मीपूजनाला ओजस घरी होता, आई. त्यानेच दारात रांगोळीचे ठिपके काढले.

भोपळ्याचा गर मी मागून आणला. इथला कोरायचा भोपळा पाणचट असतो, गूळ जास्त घालूनही घारगे मऊ पडले. कणीक किती वाढवू, ते कळव. आणि बाबा, फेट्याचा पीळ सुटलाय. रविवारी व्हिडिओवर बांधून दाखवा, ओजस स्वतः शिकणार म्हणतोय.

तुमची,
मीनू