चाळणीतला कोंडा आणि बाबांची दुर्बीण

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा वाद वाढू नये म्हणून मी फोन ठेवला, पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, "सहा महिने झाले, रोज दोन चमचे गव्हाचा कोंडा घेतोय. वेळच्या वेळी पोट साफ होतं. आता परत आतड्याची दुर्बीण-तपासणी कशाला?" फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

कोंड्याला मी नावं ठेवत नाही. उलट आईशीच माझं जुनं भांडण आहे. आई, आठवतं ना? तू बारीक जाळीची चाळणी घेऊन बसायचीस आणि पोळी पांढरी, मऊसूत व्हावी म्हणून कणीक दोनदा चाळायचीस. चाळणीत वर उरलेला तांबूस कोंडा शेजारच्या काकूंच्या म्हशीला, त्याच्या बदल्यात आपल्याला तांब्याभर ताक. म्हैस आपल्यापेक्षा शहाणी निघाली. न चाळलेल्या कणकेत शंभर ग्रॅमला साधारण अकरा ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर, असतो, मैद्यात तीनसुद्धा नाही. ज्वारीत दहा. आणि बार्शीत राहून, बाबा रिटायर झाल्यापासून आपल्याकडे भाकरी आठवड्यातून दोनदा!

कोंड्याचं हे वेड डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जनमुळे पसरलं. लहानपणीच एक डोळा गेलेला हा माणूस युगांडात कंपालाला वर्षानुवर्षं काम करत होता. तिथल्या लोकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग जवळजवळ दिसतच नाही, इंग्लंडात मात्र घरोघरी, हे त्याला खटकलं. मग त्यानं काय केलं असेल? दोन्हीकडच्या लोकांची शी वजनकाट्यावर ठेवली. बाबा, हसू नका. युगांडातल्या खेडुतांची भरली चौपट, आणि खाल्लेलं बाहेर पडायला त्यांना निम्म्याहून कमी वेळ लागायचा. १९७१ साली त्यानं मांडलं की चोथा कमी पडला की मळ आतड्यात रेंगाळतो आणि त्यातली घातक द्रव्यं अस्तराला जास्त वेळ लागून राहतात. पुढे आणखी एक गोष्ट कळली. आपल्याला न पचलेला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. म्हणजे आपण जेवतो ते जेवतो, शिवाय आतड्याचाही वेगळा डबा भरावा लागतो.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. तुमच्यासारख्याच, आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, काढलेल्या चौदाशेवर लोकांवर अमेरिकेत ॲरिझोनात एक चाचणी झाली. निम्म्याहून थोड्या जास्त जणांना रोज कोंड्यातून साडेतेरा ग्रॅम फायबर, बाकीच्यांना दोनच ग्रॅम. तीनेक वर्षांनी त्यातल्या तेराशेवर जणांची पुन्हा दुर्बीण झाली. २००० साली निकाल आला. भरपूर कोंडा खाणाऱ्यांत ४७ टक्क्यांना नवे पॉलिप, कमी खाणाऱ्यांत ५१. हा फरक धरण्याजोगा नाही, असंच त्यांनी लिहिलं. आणि तुमचे दोन चमचे म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम फायबर!

मग कोंडा फुकट का? तसंही नाही. लाखो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून झालेले अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले, तेव्हा रोजच्या खाण्यात दहा ग्रॅम फायबर जास्त असलं तर या कर्करोगाचा धोका साधारण दहा टक्क्यांनी कमी दिसला. अख्ख्या धान्याचा हिशेब त्याहून बरा होता. पण ही जन्मभराच्या ताटाची गोष्ट आहे. सत्तरीत सहा महिने चमचा चाटून तीस वर्षांचा हिशेब चुकता होत नाही.

मी लॅबमध्ये दिवसभर असे काढलेले तुकडेच हाताळते. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या तुकड्याची चार मायक्रॉनची, केसाहूनही पातळ, पापुद्री कापायची, कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर उचलायची, रंगवायची. गुलाबी-जांभळ्या त्या ठिपक्यांत कधी कधी असा पॉलिप येतो जो वेळेत काढला म्हणून नुसता पॉलिपच राहिला. तुमचा तसाच होता. बारा मिलिमीटर. डॉक्टरांनी तीन वर्षांनी बोलावलं होतं, ती गेल्या महिन्यात भरली. तुमचा राग दुर्बिणीवर नाही, आदल्या रात्रीच्या, आतडं रिकामं करायच्या त्या औषधावर आहे, मला ठाऊक आहे. चार लिटर खारट पाणी कुणाला आवडेल?

आई, एक तुझ्यासाठी. तू लोहाच्या गोळ्या कोंड्याबरोबर घेतेस असं बाबा म्हणाले. कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह अडवून धरतं. गोळी वेगळ्या वेळी घे. आणि बाबांना कोंड्यावर भरपूर पाणी पाज, नाहीतर पोट साफ व्हायचं सोडून तुंबून बसेल.

मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघते. सोमवारची वेळ घेतली आहे, विचारून नाही, घेऊनच. शनिवारी ज्वारी दळून आण, भाकरी मी थापते. रविवारी मात्र बाबांना कोंडा, भाजी, फळांच्या बिया काही नाही. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पांढरा मऊ भातच चालतो. ती चाळणी तेवढी माळ्यावर टाक. नको, चिरोट्यांना लागेल, राहू दे.

तुमची,
ताई