घाटातल्या दुर्मिळ मॉससाठी मदतीचं आवाहन

खानापूर तालुक्यातील ग्रामस्थहो, आणि कामधंद्यासाठी बेळगाव, गोवा, पुणे-मुंबईला असलेल्या आपल्या मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

जांबोटीच्या पुढं कणकुंबी-चोर्ल्याकडं पाऊस लागला, की खडक, झाडांची खोडं, विहिरीचे काठ, घरांची कौलं हिरवी होतात. त्या हिरव्यात मॉस असतं, त्याचे भाऊबंद लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्टही असतात. शाळेत ब्रायोफायटा म्हणून पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो, ते हेच. यांना खरी मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही. पाणी अंगानंच शोषतात, आणि ज्यांपासून नवी रोपं उगवतात ते धुळीसारखे बारीक बीजाणूसुद्धा पुष्कळ जाती क्वचितच धरतात.

कौलावरचं मॉस कुठंही येतं, त्याची चिंता नको. चिंता आहे ती एखाद्याच ओढ्याच्या कपारीत किंवा जुन्या झाडाच्या सालीवर तळहाताएवढ्या जागेत राहणाऱ्या जातींची. रस्त्यासाठी खडक फोडला, वरचं झाड तुटून ऊन आलं, ऑर्किडच्या कुंड्यांसाठी कुणी पोतंभर खरवडून नेलं, की ती जागा संपली. म्हणून आमच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं ठरवलंय, की अशा जातींचा चिमूटभर नमुना प्रयोगशाळेत जिवंत ठेवायचा.

हे होण्याजोगं आहे. बीजाणूंची बोंडी उकलण्याआधी घेतात, ब्लीचच्या पातळ द्रावणात धुतात आणि बशीतल्या निर्जंतुक आगरवर, म्हणजे समुद्री शैवालापासून केलेल्या जेलीवर, फोडतात. आगरात थोडे क्षार पुरतात, साखर घातली तर बुरशीचंच फावतं. आधी हिरवे तंतू पसरतात, त्यांच्यावर कळ्या येतात, मग पानं. बोंडी नसेल तर पानाच्या तुकड्यापासूनही रोप उभं राहतं. खरी कटकट सफाईची. ब्लीच जास्त झालं तर मॉस मरतं, कमी पडलं तर बुरशी आणि शैवाल बशी खाऊन टाकतात. इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वूड इथून १९६२ साली गोळा केलेल्या मॉसच्या एका बीजाणूपासून वाढवलेला वाण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत नांदतो आहे. लंडनच्या क्यू उद्यानानं तर दुर्मिळ मॉस द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर साठवण्याचं काम केलं. तेवढी आपली ऐपत नाही. बशा आणि बाटल्यांवर आपलं भागेल.

तालुक्यातल्या एका कॉलेजनं खोली आणि जुना ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र) दिलाय. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात काम करायचं टेबल), दिव्यांची मांडणी, खोली वीस अंशांच्या आसपास ठेवणारा एसी आणि पावसात वीज गेल्यावर तो चालवेल असा दमदार इन्व्हर्टर घ्यायचाय. पण स्पष्टच बोलतो. यंत्राला देणगीदार मिळतो, कारण त्यावर नाव घालता येतं. वीजबिलाला आणि पगाराला मिळत नाही. ठरावीक महिन्यांनी प्रत्येक नमुना ताज्या आगरवर हलवावा लागतो, आणि हे करणारा माणूस कायमचा हवा. तो गेला की वर्षभरात सगळ्या बशा कचऱ्यात. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा शंभर-दोनशे रुपये देणारे आम्हाला जास्त हवे आहेत.

‘गावात रस्ता नाही आणि हे शेवाळ सांभाळणार,’ असं ग्रामसभेत एकानं ऐकवलं. मॉस वाचलं की मलप्रभेला बारमाही पाणी येईल, असं काही आम्ही सांगणार नाही. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ते धरून ठेवतं, एवढं खरं. पण आपल्या रानातली एखादी जात आपल्या डोळ्यांदेखत जाऊ नये, एवढंच कारण आम्हाला पुरतं.

पैशाशिवायही मदत करता येईल. बाटलीतलं कोवळं मॉस एकदम बाहेर ठेवलं तर सुकतं. सावलीत, ओल्या खापरावर त्याला आधी सवय लावावी लागते. खानापूरच्या कुंभार मंडळींनी फुटक्या कुंड्या टाकून न देता आम्हाला द्याव्यात. कुणाकडं सूक्ष्मदर्शक पडून असेल तर कळवा. बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस दिला तरी चालेल, शिकवू आम्ही.

मॉस उपटून मात्र कुणी आणू नका. भीमगड अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही काढता येत नाही, आणि बाहेरही जागेवर राहणंच त्याच्या हिताचं. फोटो आणि ठिकाण आम्हाला सांगा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठिकाण टाकू नका, पोती घेऊन येणारेही स्टेटस बघतात.

देणगी पंचायत कार्यालयात रोख किंवा धनादेशानं स्वीकारली जाईल, पावती लगेच मिळेल. जमाखर्च दर ग्रामसभेत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत वाचला जाईल आणि फलकावर लावला जाईल.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती