रायगड चढूनच जा

महाड

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

गड बघायचाय ना? मग रोपवेचं तिकीट काढू नकोस. पाळण्यातून थेट माथ्यावर उतरलास की राजवाडा, बाजारपेठ, समाधी सगळं दिसेल. राजधानी राखली कशी, ते मात्र खालीच राहील. पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत, उन्हाच्या आधी निघ.

रायगडाला सगळीकडून तट नाही. कडा ताठ आहे तिथे कड्यालाच तट मानलं, जिथून माणूस चढेल असं वाटलं तिथे खडक तासला, आणि तेवढ्यानेही भागेना तिथेच दगड-चुना खर्च केला. त्यातला मोठा वाटा महादरवाज्यावर. तिथून एक तट टकमक टोकाकडे जातो, दुसरा हिरकणी बुरुजाकडे.

वर येताना दार दिसतच नाही. दिसतात दोन बुरूज, एक ७५ फुटांच्या घरातला, दुसरा ६५. वाट त्यांच्या कुशीत वळून शिरते, म्हणजे हत्तीला धडकेपुरती धाव नाही आणि तोफेला दारावर सरळ नेम नाही. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीच्या माऱ्यासाठी ठेवलेली भोकं, जरूर बघ: आतून ऐसपैस, बाहेरून चिंचोळ्या आणि तळ बाहेरच्या बाजूला उतरता. आतला बंदूकवाला झाकलेला राहून थेट बुरुजाच्या बुडाशी मारा करतो. दाराच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत.

एवढं करूनही गड मराठ्यांच्या हातून दोनदा गेला, पण दार फोडून नाही. १६८९ ला मोगल सरदार झुल्फिकारखानाने वेढा घालून घेतला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या डोंगरांवरून गोळे टाकले, वरचे वाडे पेटले आणि किल्ला शरण आला. कडा माणसाला अडवतो, डोक्यावरून येणाऱ्या गोळ्याला नाही. शिवकाळात तोफांचा पल्ला पाहता ही भीती फारशी नव्हती.

आता खरा वैरी पाऊस. तट म्हणजे घडीव दगडाच्या दोन भिंती आणि मध्ये गोट्यांची भर. सांध्यातला चुना धुपला की पाणी भरीत उतरतं, वड-पिंपळाची मुळं फट रुंदावतात, मग दर्शनी भिंत पोटाकडून फुगते आणि एका पावसाळ्यात ढासळते. त्यावर सिमेंटचा लेप म्हणजे दुखणं वाढवणं. पाणी आतच कोंडतं. चुनाच भरायला हवा, आणि झाड नुसतं छाटून चालत नाही, मूळ मारावं लागतं. फुगलेला भाग दिसला तर त्याच्या खाली उभा राहून फोटो काढू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत