गोळी औषधाची नाही, अन्नाची!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईच्या (वय ७८) गोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात गेल्या महिन्यात एक स्ट्रिप वाढली. कोथरूडच्या एका मेडिकलमधून आणलेली, रक्तदाबाच्या गोळीसारखीच चंदेरी. आई तिला ‘गुडघ्याची गोळी’ म्हणते. परवा भिंग घेऊन मागची बाजू वाचली. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : औषधी वापरासाठी नाही.

म्हणजे कायद्याने ही गोळी अन्न आहे. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातलं कलम २२ आणि त्याखालचे २०१६चे नियम अशा पूरक पदार्थांना गोळी, कॅप्सूल, सिरप अशा रूपांत विकू देतात. परवाना अन्नाचा. डॉक्टरांची चिठ्ठी नको, औषधांच्या किमतीवरचं नियंत्रणही नाही. रोग बरा होतो असं मात्र म्हणायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. पण काउंटरवरचा मुलगा ‘काकू, महिन्याभरात जिना चढाल’ म्हणाला, त्याचं काय? त्याची पावती थोडीच मिळते!

इशारा इंग्रजीत किंवा हिंदीत छापला की नियम पाळला गेला. मराठीला मनाई नाही, सक्तीही नाही. मग छापणार कोण?

बरं, आत खरंच काय आहे ते ग्राहकाने तपासून घ्यावं, तर कलम ४० तशी सोय देतं. शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करता येते, माल सदोष निघाला तर शुल्क परतही मिळतं. अट एकच : खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला नेतोय. नेहमीच्या मेडिकलवाल्यासमोर हे वाक्य उच्चारायचं धाडस मला तरी झालं नाही. आईची बाकीची औषधं तिथूनच येतात.

अन्न आणि औषध, दोन्ही कायदे राज्यात एकच प्रशासन राबवतं. नमुने त्यांनी स्वतःच मेडिकलच्या काउंटरवरून उचलावेत. ‘हे औषध नाही’ एवढे तीन शब्द स्ट्रिपवर ठळक मराठीत यावेत, यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. मेडिकलमध्ये या मालाचं कपाटही वेगळं असावं.

आमच्या घरी तेवढं झालं आहे. ती स्ट्रिप मी डब्यातून काढून फडताळात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली आहे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे