वर्गात स्पर्धा घेणार आहेस, म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुला उत्तरच लिहितोय. पुढच्या सत्रात डेटा सायन्सच्या वर्गाला लेखी परीक्षेऐवजी स्पर्धा ठेवायची, पहिल्या नंबराला ५० पैकी ५० आणि तिथून दोन-दोन गुण कमी करत खाली यायचं, असा तुझा बेत. स्पर्धा ठेव, जरूर ठेव. माझी हरकत आहे ती त्या दोन-दोन गुणांना. मी ते करून चुकलोय, आणि तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

यंत्ररचना हा विषय मी पहिल्यांदा स्पर्धेतून शिकवला तेव्हा कल्पना उसनी होती. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० च्या दशकात हा प्रकार नावारूपाला आणला. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सामानाचं एक खोकं द्यायचं, त्यातून त्याने आपलं यंत्र बनवायचं आणि सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर ते दुसऱ्याच्या यंत्राशी भिडवायचं. डीन केमन यांच्या 'फर्स्ट' संस्थेची रोबॉट स्पर्धा १९९२ मध्ये सुरू झाली, तिच्या मुळाशीही हीच कल्पना. मी त्यातलं खोकं घेतलं, शेवटचा सामना घेतला आणि गुण नंबरावर लावले.

चौथ्या आठवड्यात वर्ग बदलला. एरवी एकमेकांना पाना-पक्कड देणारी मुलं दुसरा गट जवळून गेला की स्क्रीन फिरवायला लागली. एका गटाने तर यंत्रावर चादर घातली. मला वाटलं, पोरं रंगात आलीत! ती विचारणं आणि सांगणं बंद करत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. चेंडू उचलून भिंतीपलीकडे टाकणारा हात तिने तीनदा नव्याने बनवला. तिच्या वहीत पहिला गिअर रेशो (दातेरी चाकांच्या दात्यांचं प्रमाण) खोडलेला होता आणि शेजारी, बारीक अक्षरात, तो का चुकला ते लिहिलेलं होतं. सामन्यात पुलीला मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, घट्ट धरणारा ग्रब स्क्रू ढिला झाला. मोटर फिरत राहिली, शाफ्ट पुलीच्या आत नुसताच फिरला, हात जागचा हलला नाही. ६० सेकंद संपले. मी तिला वर्गातले सगळ्यात कमी गुण दिले. जिंकलेल्या गटाने इंटरनेटवरची एक रचना जशीच्या तशी उचलली होती. हाच रेशो का घेतला, असं विचारल्यावर तिघंही गप्प. त्यांना पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी तोच शाफ्ट घेऊन आली. गोल शाफ्टवर स्क्रू टेकायला जागाच नव्हती, म्हणून तिने कानशीने एक बाजू सपाट केली होती. यंत्र जोडलं, चालवलं, सातही चेंडू पलीकडे. 'सर, आता कळलं,' एवढंच म्हणाली. अख्ख्या सत्रात वर्गात झालेलं सर्वांत खरं शिक्षण ते, आणि त्याला द्यायला माझ्याकडे एक गुणही उरला नव्हता.

मग मी जुन्या, नावाजलेल्या स्पर्धांचे नियम काढून वाचले. बक्षिसांचं पान सोडून दे, नियम वाच. १९८१ पासून चालत आलेल्या फॉर्म्युला एसएईमध्ये विद्यार्थी छोटी रेसिंग कार बनवतात. एकूण गुण १०००, पण त्यातले ३२५ गाडी ट्रॅकवर जाण्याआधीच ठरतात: रचनेवरची प्रश्नोत्तरं, खर्चाचा हिशेब, सादरीकरण. परीक्षक एखाद्या ब्रॅकेटवर बोट ठेवून विचारतात, हा एवढा जाड का? मागच्या वर्षीच्या गाडीत होता म्हणून, हे उत्तर तिथे चालत नाही. १९६० पासूनच्या जेसप या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेत एकाच संघाला काल्पनिक खटल्यातल्या दोन्ही राष्ट्रांची बाजू लिहून मांडावी लागते. परवा जो मुद्दा खोडला, तोच आज जीव तोडून लढवायचा. विद्यार्थ्याला स्वतःच्या मताबाहेर काढणारा इतका सरळ नियम मला दुसरा ठाऊक नाही. आयसीपीसी या महाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धेत एका संघात ३ जण, १ संगणक, ५ तास. कीबोर्ड एकच, म्हणून एक जण टाइप करतो तेव्हा बाकीचे दोघे कागदावर त्याच्या चुका शोधतात. सुटलेल्या प्रश्नावर आधी दिलेल्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे २० मिनिटांचा दंड, त्यामुळे अंदाजाने उत्तरं फेकत बसणं परवडत नाही.

आणि आयजेम, ही सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे सजीवांत नवी रचना घडवण्याच्या शास्त्राची, विद्यार्थी-स्पर्धा. २००३ मध्ये एमआयटीत जानेवारी महिन्यातला एक छोटा अभ्यासक्रम म्हणून ती सुरू झाली, २००४ मध्ये पाच संघांची स्पर्धा झाली. तिथे सुवर्णपदक निकषांवर मिळतं. जितके संघ निकष पूर्ण करतील, तितक्यांना सुवर्ण. शेजाऱ्याला मदत केली तर आपलं पदक जात नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांचा १९८१ मधला एक प्रयोग तुला माहीत असेल. काहींना सांगितलं, शेजाऱ्याला हरव. काहींना सांगितलं, कोडी लवकरात लवकर सोडव. नंतर मोकळा वेळ दिला, तेव्हा हरवायला बसवलेल्यांनी कोड्यांना कमी हात लावला. मी हे वाचलं आणि आमची ती चादर आठवली.

आता तुझ्या वर्गाचं. गुणफलक लावशील तेव्हा चाचणीचा डेटा दोन भागांत वाट. एका भागावरचा गुणांक रोज दिसू दे, दुसरा भाग शेवटपर्यंत झाकून ठेव. दिवसाला किती वेळा उत्तर पाठवायचं यावर मर्यादा घाल, नाहीतर मुलं शंभरदा पाठवून त्या दिसणाऱ्या भागालाच मॉडेल चिकटवतील. तरीही शेवटच्या दिवशी फलकावरचा पहिला गट धाडकन खाली येईल, बघ. त्याच क्षणी तास थांबव आणि घसरण का झाली ते त्यांच्याकडूनच काढून घे. ओव्हरफिटिंगवरची, म्हणजे दिसणारा डेटा पाठ करून नव्यावर फसण्यावरची, तुझी व्याख्यानं मुलं विसरतील. ही घसरण विसरणार नाहीत.

माझ्याकडे आता जिंकण्याला १०० पैकी ५ गुण. वहीला ४०, तोंडीला ३०, आणि सामन्यानंतरच्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या यंत्राला २५. मलाही भीती होती की चुरस मरेल. नाही मेली. सभागृह तसंच भरतं, आरडाओरडा तसाच. फक्त चादरी गेल्या.

दोन गोष्टी राहिल्या. गटातलं अहवाल लिहायचं काम दर आठवड्याला फिरतं ठेव, नाहीतर ते एकाच मुलीच्या गळ्यात पडतं आणि यंत्राला तिचा हात कधी लागतच नाही. शिवाय कामाचे तास ठरवून दे. रात्री नोकरी करणाऱ्या मुलांना पहाटेपर्यंत जागणाऱ्यांशी झुंजायला लावू नकोस.

नियम छापायच्या आधी कच्चा मसुदा मला पाठव, मी एका दिवसात वाचून देतो. आणि अंतिम फेरीची तारीख कळव. त्या दिवशी नाही जमलं तरी दुसऱ्या दिवशीच्या तासाला मी मागच्या बाकावर येऊन बसणार आहे.

तुझाच,
तोच तो