अतिदक्षता विभागात रुजू होतेय

ती. नाना आणि आई,
सा. न.

रागावू नका. जळगावच्या ओपीडीची जागा मी नाकारली. एक तारखेपासून इथेच, पुण्यात, अतिदक्षता विभागात रुजू होतेय. कानबाईच्या सणाला येणं जमणार नाही. फोनच करणार होते, पण आई, तुझा आवाज ऐकला असता तर ‘येते’च म्हणाले असते.

एवढी घाबरट पोर तिथं कशी टिकेल, असं वाटेल तुम्हाला. घाबरते मी, अजूनही. पण नाना, वैशाखात वारा सुटला की तुम्ही रात्री उठून बागेत जायचात, निसवलेल्या केळींच्या दोऱ्या चाचपायचात. त्याला गावात कुणी घाबरटपणा म्हटलं नाही. तेच माझ्यात आलंय. इन्सुलिनचे युनिट आम्ही दोघी नर्स मिळून तपासतो, तरी मी परत एकदा बघते. मागच्या महिन्यात त्या परत बघण्यातच चूक सापडली, सुई टोचायच्या आधी. छातीतली धडधड कामाची वाटली ती त्या रात्री.

ती फार वाढली की श्वास घेते त्याहून हळू सोडते. उरलेली काळजी संध्याकाळी पंधरा मिनिटं वहीत लिहिते, मग वही बंद. झोप लागते. मेसचं जेवण बरं आहे, कळण्याचं पीठ अजून अर्धा डबा आहे, खोलीत पंखा आहे. खरंच काही कमी नाही.

आई, लाइट गेली की मला मांडीवर घेऊन म्हणायचीस ना, ‘काब्र घाबरस, मी शे ना’? परवा धुळ्याच्या एका आजींना ऑपरेशनला नेताना तेच म्हटलं. त्यांनी हात सोडलाच नाही.

आता ऐका. नाना, रात्रीची लाइन असली की मोटार चालू करायला एकट्यानं जायचं नाही. ऑटो स्टार्टरचे पैसे पाठवलेत, ते खतात घालू नका. बूट आणि बॅटरीशिवाय बागेत पाऊल नको. आई, बीपीची गोळी अर्धी करायची नाही, आणि चुलीपासून उठून लगेच बीपी मोजायचं नाही. पाच मिनिटं टेकून बस. छातीत दुखलं तर आधी 108, मग मी.

आणि नाना, झोप उडाली तर मोठ्या काकांसारखं मनात ठेवू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. मी आहेच, पण ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये असतो.

दिवाळीच्या सुट्टीचा अर्ज आजच दिलाय.

तुमची,
ताई